बी-स्कूलची ऑफर आली आहे: घ्यायची की पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ या भागातून एमबीएला जाणाऱ्यांकडून एप्रिल ते ऑगस्टमध्ये जे प्रश्न हमखास येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. कॅट (आयआयएमसह अनेक संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि कॅप (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) यांची प्राथमिक माहिती इथे दिलेली नाही. हातात ऑफर आहे, फी भरायची मुदत चार दिवसांवर आली आहे आणि घरात एकमत होत नाही, अशांसाठी हे लिहिलं आहे. तारखा आणि रकमा दरवर्षी थोड्याफार हलतात. पैसे भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून ताडून पाहा.

विचाराला सुरुवात कुठून करायची?

दोन प्रश्न वेगळे करा. पहिला: ही ऑफर तिच्या खर्चाच्या मानाने चांगली आहे का? दुसरा: पुढच्या वर्षी माझ्या अर्जात नेमकं काय वेगळं असेल? बहुतेक जण हे दोन्ही एकत्र कालवतात आणि "कॉलेजचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून ड्रॉप घेतो (म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देतो)" असं ठरवून मोकळे होतात. कॉलेज कमी प्रसिद्ध असणं हा ड्रॉप घ्यायचा मुद्दा होऊच शकत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही वेगळे दिसणार असाल, तरच ड्रॉपला अर्थ आहे.

ऑफर चांगली आहे आणि वर्षभरात फारसं बदलणारही नाही, तर घ्या. ऑफर वाईट आहे आणि बदलण्यासारखं ठोस काही दिसतं आहे, तर थांबा. ऑफरही वाईट आणि बदलणारही काही नाही, या तिसऱ्या स्थितीबद्दल कुणी बोलत नाही. तिथे ऑफरही घेऊ नका आणि त्याच पद्धतीने पुन्हा परीक्षेलाही बसू नका. दोन-तीन वर्षं नोकरी करा, मग पाहा. पंधरा लाख घालून नऊ महिन्यांत पस्तावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

ऑफर चांगली आहे हे कसं तपासायचं? माहितीपत्रकात तर सगळेच 100 टक्के प्लेसमेंट लिहितात.

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्या संस्थेची एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीची) माहिती काढा. क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला सरकारकडे दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. मुखपृष्ठाच्या तळाशी बहुधा "एनआयआरएफ" नावाची लिंक असते. व्यवस्थापन गटाची पीडीएफ उघडा आणि दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तक्ता शोधा. त्यात किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती, हे वर्षागणिक दिलेलं असतं.

भागाकार स्वतः करा. 110 उत्तीर्ण आणि 70 जणांना नोकरी, म्हणजे 64 टक्के. माहितीपत्रकात काहीही छापलेलं असो. मध्यक पगार फक्त त्या 70 जणांचा असतो, उरलेले 40 त्यात धरलेलेच नसतात, हेही ध्यानात ठेवा. ही आकडेवारी एक-दोन वर्षं जुनी असते, पण तीन वर्षांचे आकडे ओळीने पाहिले की कल कळतो.

संस्था एनआयआरएफमध्ये भागच घेत नसेल तर तीही माहितीच समजा. मग एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) संकेतस्थळावर मान्यता आणि मंजूर जागा पाहा, आणि लिंक्डइनवर गेल्या दोन बॅचमधले सात-आठ जण शोधून त्यांना विचारा. संस्थेने सुचवलेले माजी विद्यार्थी नकोत, तुम्ही शोधलेले हवेत. "कॉलेज कसं आहे?" असं विचारलंत तर "छान आहे" एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा हे विचारा: उन्हाळी इंटर्नशिप कॅम्पसमधून किती जणांना मिळाली आणि किती जणांनी ओळखीने मिळवली? शेवटच्या पंचवीस टक्के मुलांना कोणत्या कामाची ऑफर आली? सांगितलेल्या सीटीसीतले (वर्षाच्या एकूण पॅकेजमधले) पहिल्या वर्षी हातात किती आले?

सरासरी पॅकेज, मध्यक, सर्वोच्च पॅकेज. यातलं काय बघायचं?

मध्यक. सर्वोच्च पॅकेज एका मुलाचं असतं आणि बऱ्याचदा त्याला आधीचा पाच वर्षांचा अनुभव असतो. अशा दोन-तीन आकड्यांनी सरासरी फुगते. सीटीसीत जॉइनिंग बोनस, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा पीएफ वाटा धरलेला असतो, म्हणून 9 लाखांच्या सीटीसीत दरमहा हातात साधारण साठ-पासष्ट हजार येतात. आकड्यासोबत काम कोणतं आहे, हेही पाहा. "बिझनेस डेव्हलपमेंट" या नावाखाली एज्युकेशन अ‍ॅप विकण्याचं काम असेल, तर त्या पगाराला एमबीएची गरज नव्हती.

एक वर्ष थांबण्याची खरी किंमत किती?

समजा, हातातल्या ऑफरचा फी आणि राहणं मिळून खर्च 12 लाख आहे आणि तिथला मध्यक पगार 9 लाख. तुमच्या मनातल्या संस्थेचा खर्च 24 लाख, मध्यक 19 लाख. सध्या तुम्ही 4 लाखांची नोकरी करता.

थांबलात तर एमबीएनंतरच्या कमाईचं एक वर्ष कमी होतं आणि त्याऐवजी सध्याच्या पगाराचं एक वर्ष मिळतं, म्हणजे 9 वजा 4, अर्थात 5 लाखांचं नुकसान. हे नुकसान नक्की आहे. फायदा मात्र शक्यतेवर आहे. मनातली संस्था मिळाली तर वर्षाला 10 लाखांचा फरक. तो पाच वर्षांपुरताच धरा, कारण त्यानंतर कॉलेजपेक्षा तुमचं काम बोलतं. झाले 50 लाख. त्यातून कराचा पाव भाग काढला आणि जास्तीच्या 12 लाखांच्या खर्चासह त्यावरचं व्याज वजा केलं की 23 लाखांच्या आसपास उरतात.

ती संस्था मिळण्याची शक्यता पाचात एक असेल तर अपेक्षित फायदा साडेचार लाखांचा, म्हणजे नुकसानीच्या बरोबरीला. तीनात एक असेल तर साडेसात लाख, तेव्हा थांबणं परवडतं. दहात एक असेल तर नाही. तुम्ही नोकरी करत नसाल तर नुकसान 5 ऐवजी 9 लाखांचं होतं आणि तीनात एक शक्यताही पुरत नाही. शिवाय फॉर्म, मॉक टेस्ट (सराव परीक्षा), मुलाखतींचा प्रवास यांचा खर्च वेगळा. आणि आजची ऑफर पुढच्या वर्षी पुन्हा येईल, याची हमी कुणी दिलेली नाही.

तुमचे आकडे यापेक्षा वेगळे असतील. पद्धत हीच ठेवा. कागदावर मांडल्याशिवाय या विषयावर घरी वाद घालू नका.

मग ती शक्यता ठरवायची कशी? मला वाटतं माझा स्कोर वाढेल.

वाटणं बाजूला ठेवून मॉकचे निकाल काढा. शेवटच्या दहा मॉकचे पर्सेंटाइल उतरत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या, सर्वांत वरचा नको. तो मधला आकडा प्रत्यक्ष कॅटच्या निकालापेक्षा बराच वर असेल, तर परीक्षेच्या दिवशी काहीतरी बिघडलं होतं आणि सुधारणेला खरोखर जागा आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील, तर निकाल तुमची खरी पातळीच सांगतो आहे. मग तयारीची पद्धतच बदलावी लागेल. नुसतं आणखी एक वर्ष घालवून आकडा हलत नाही.

पर्सेंटाइल फसवं असतं. 2024 मध्ये सुमारे 2.93 लाख जणांनी कॅट दिली. 90 पर्सेंटाइलवर तुमच्या पुढे साधारण 29 हजार जण असतात, 99 वर 2,900. म्हणजे 90 वरून 99 ला जायचं तर 26 हजार माणसांना मागे टाकायचं, आणि ती माणसंही वर्षभर अभ्यासच करत असतात. 75 वरून 90 ला जाणारे पुष्कळ दिसतात. 97 वरून 99.5 ला जाणारे फार थोडे, आणि त्यांचा बहुतेक वेळा एकच विभाग कच्चा राहिलेला असतो.

तो विभाग शोधा. कॅटमध्ये इंग्रजी वाचन, डेटा-तर्क आणि गणित या तिन्ही विभागांना प्रत्येकी 40 मिनिटं असतात आणि एका विभागातली वेळ दुसऱ्याला देता येत नाही. एकूण 98 पण इंग्रजीत 78, म्हणून कटऑफला अडकलात, तर तुमचा प्रश्न एकाच विभागापुरता आहे आणि तो सहा महिन्यांत सुटण्यासारखा आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांचं इथेच जास्त अडतं. व्याकरणाची पुस्तकं पाठ करून उपयोग नाही. रोज पाऊण तास अनोळखी विषयावरचा लांब लेख वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेदाचा सारांश एका ओळीत लिहायचा. जूनला सुरुवात केली तर ऑक्टोबरपर्यंत फरक दिसतो. ऑक्टोबरला सुरुवात केली तर दिसत नाही.

सीईटीचं (राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेचं) गणितही हेच का?

नाही, सीईटीत सुधारणा तुलनेने सोपी आहे. 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 45 सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इथे ज्ञानापेक्षा वेग आणि प्रश्न सोडून देण्याची तयारी मोजली जाते. तरीही प्रश्न रिकामे ठेवून येणारे दरवर्षी भेटतात. 200 पैकी 100 प्रश्न तर्क आणि आकृत्यांचे असतात. तिथला वेग दोन-तीन महिन्यांच्या वेळ लावून केलेल्या सरावाने वाढतो. कॅटला 90 आणि सीईटीला 96 असलेल्याने पुढच्या वर्षी सीईटीवर भर दिला, तर 99 च्या पुढे जाण्याची संधी कॅटपेक्षा नक्कीच जास्त आहे. पण मुंबईच्या जमनालाल बजाजसाठी खुल्या गटात 99.9 च्या पुढची मजल लागते. तिथे एक-दोन प्रश्नांनी वर्ष हुकतं.

दहावी-बारावीचे गुण कमी आहेत. वर्षभराने काय फरक पडेल?

त्यात काहीच नाही, आणि हे आधीच मान्य केलेलं बरं. अनेक आयआयएमच्या सूत्रात दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांना वजन असतं. संस्थेचं निवड धोरण उघडा, तुमचे आकडे त्या सूत्रात घाला आणि मुलाखतीपर्यंत पोहोचायला किती पर्सेंटाइल लागतील ते काढा. उत्तर 99.7 आलं तर त्या संस्थेसाठी ड्रॉप घेऊ नका. जुन्या गुणांना कमी किंवा शून्य वजन देणाऱ्या संस्था शोधा. सीईटी-कॅपमध्ये गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. शाळेचे गुण मारक ठरतात अशांना तो रस्ता उघडा आहे.

वर्षभरात बदलू शकतात त्या गोष्टी थोड्याच: परीक्षेचा स्कोर, कामाचा अनुभव, मुलाखतीची तयारी आणि अर्ज कुठे-कुठे केला ती यादी. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत दुर्लक्षित. दोनच परीक्षा दिल्या म्हणून पर्याय कमी मिळाले, अशी प्रकरणं पुष्कळ असतात. डिसेंबरमधली स्नॅप (सिम्बायोसिसची परीक्षा) आणि जानेवारीच्या सुरुवातीची झॅट (एक्सएलआरआयची परीक्षा) यांना कॅटचीच तयारी बऱ्याच अंशी चालते.

नोकरी सोडून पूर्ण वेळ अभ्यास करू का?

शक्यतो नको. आठवड्याला 12 ते 15 तास, जून ते नोव्हेंबर, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास तास होतात. नोकरी सांभाळून एवढे निघतात. नोकरी सोडलेली मुलं पहिले तीन महिने रोज दहा तास बसतात आणि सप्टेंबरपासून मॉकच्या आकड्यांकडे बघत खचतात. मुलाखतीत त्या वर्षाचा हिशेब द्यावा लागतो तो वेगळाच. शिवाय अनुभवाचे महिने काही संस्थांच्या सूत्रात गुण मिळवून देतात; आयआयएम बंगळूरसारख्या ठिकाणी तो फायदा 36 महिन्यांपर्यंत वाढत जातो, पुढे थांबतो.

पदवीनंतर लगेच ऑफर आलेली आहे आणि हाताला काम नाही, अशांनी ड्रॉप घ्यायचाच असेल तर आधी नोकरी शोधावी. पुण्यातच हवी असं नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात उत्पादन नियोजन, अक्कलकोट रोडच्या टॉवेल निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम, बँकेच्या शाखेत कर्ज विभाग. मुलाखतीत यातल्या प्रत्येकावर वीस मिनिटं बोलता येतं. मोठ्या कंपनीच्या नावाने केलेल्या तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर दोन मिनिटंही नाही.

घरचे पॉवरलूम आहेत, मी तिथेच काम करतो. हा अनुभव धरतात का?

कागद असतील तर धरतात. नियुक्तिपत्र, दरमहा बँकेत जमा होणारा पगार, त्यावरचं आयकर विवरणपत्र आणि व्यवसायाची जीएसटी नोंदणी एवढं हवं. पगार रोख घेतला असेल तर सिद्ध करता येत नाही. आज ठरवलंत तर पुढच्या महिन्यापासून पगार खात्यात घ्या. मागच्या तारखांचे कागद तयार करण्याच्या भानगडीत पडू नका, पडताळणीत उघडं पडलं तर झालेला प्रवेशही रद्द होतो. अर्धवेळ काम आणि इंटर्नशिप सहसा मोजत नाहीत.

दुसरा मुद्दा असा की घरचाच धंदा पुढे चालवायचा असेल तर दोन वर्षांच्या नेहमीच्या एमबीएची गरज आहे का, हे आधी बघा. त्या अभ्यासक्रमाचा सगळा रोख कॅम्पस प्लेसमेंटवर असतो आणि तुम्हाला तर प्लेसमेंट नको आहे. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेचा कौटुंबिक व्यवसायांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. तो टप्प्याटप्प्याने चालतो, त्यामुळे मधल्या काळात घरी येऊन धंदा बघता येतो. चादर-टॉवेलच्या किंवा गणवेशाच्या व्यवसायातल्या मुलामुलींनी मध्यम दर्जाच्या पूर्णवेळ ऑफरशी याची तुलना जरूर करावी.

ही जागा अडवून ठेवतो आणि दुसरं मिळालं तर सोडतो. पैसे परत मिळतात का?

कोणत्या संस्थेचे, यावर आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या अधिसूचनेनुसार विद्यापीठं आणि संलग्न महाविद्यालयांत प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याआधी माघार घेतली तर पूर्ण फी परत मिळते आणि प्रक्रियेपोटी फीच्या 5 टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त 5,000 रुपये कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, तीस दिवसांपर्यंत 50 आणि पुढे शून्य. अलीकडच्या वर्षांत आयोगाने यापेक्षा सवलतीच्या तारखाही जाहीर केल्या आहेत, त्या पाहून घ्या. एआयसीटीई मान्य संस्थांसाठी परिषदेच्या शैक्षणिक वेळापत्रकातली प्रवेश रद्द करण्याची तारीख लागू होते. आयआयएमचे नियम ऑफर पत्रातच असतात आणि ते त्यांचे स्वतःचे.

जाहीर अंतिम तारीख कोणती, हे ई-मेलवर लेखी विचारून ठेवा. फोनवर "मिळतील की पैसे" म्हणणारा माणूस ऑगस्टमध्ये त्या टेबलावर नसतो. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला या नियमांनी मनाई आहे. पडताळणीसाठी दाखवा, परत घ्या, छायाप्रती द्या.

खासगी संस्था पहिला हप्ता फेब्रुवारी-मार्चमध्येच मागतात, कारण आयआयएमचे अंतिम निकाल एप्रिल-मेमध्ये लागतात आणि कॅपच्या फेऱ्या त्याहून पुढे, आषाढी उलटल्यावरही चालू असतात. ही घाई तुमच्या हितासाठी नसते. तरीही हातात दुसरं काही नसेल आणि परताव्याचा नियम स्पष्ट असेल, तर पहिला हप्ता भरून थांबणं व्यवहार्य आहे.

कॅपमध्ये पहिल्या फेरीत जागा मिळाली, पण हवी ती नाही. फ्रीज की बेटरमेंट?

फ्रीज म्हणजे मिळालेली जागा पक्की करणं, बेटरमेंट म्हणजे ती हातात ठेवून वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत राहणं. वरच्या पसंतीची खरोखर इच्छा असेल तर बेटरमेंट. पण आधी नियम वाचा: पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीज होते, आणि पुढच्या फेऱ्यांत वरच्या किती पसंत्यांना हा नियम लागेल ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत असतं. बेटरमेंटमध्ये वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते. मग "आधीचीच बरी होती" म्हणून चालत नाही. त्यामुळे जिथे जायचंच नाही अशी संस्था पसंतीक्रमात टाकू नका. मित्राने टाकली म्हणून तर मुळीच नको.

शिष्यवृत्तीमुळे निर्णय बदलावा का?

बऱ्याचदा बदलायलाच हवा. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. 2024 च्या शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप (शुल्कमाफी) वेगळी. हे सगळं महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून. अट एकच मोठी: प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला, किंवा अभिमत वा खासगी विद्यापीठात घेतला, तर हे लाभ मिळत नाहीत.

म्हणजे सीईटीतून पुण्यात कॅपने मिळालेली साधी जागा आणि अभिमत विद्यापीठातली चकचकीत जागा यांच्या फीमधला फरक कागदावर दिसतो त्याहून कितीतरी मोठा असतो. मुलगी असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर केवळ नावासाठी कॅपची जागा सोडून थांबायला फार भक्कम कारण लागेल.

मी एसईबीसीत आहे. पुढच्या वर्षी आयआयएमला याच गटातून अर्ज करता येईल ना?

नाही. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे. आयआयएममध्ये केंद्राची यादी चालते. मराठा उमेदवार तिथे खुल्या गटात येतो, किंवा निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये. कुणबी प्रमाणपत्र असेल तर कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि त्या आर्थिक वर्षातला लागतो. राज्याचा तीन वर्षं चालणारा दाखला तिथे दिला की अर्ज खुल्या गटात जातो किंवा बाद होतो.

ड्रॉप घेणाऱ्यांनी ही कामं एप्रिल-मेमध्येच सेतू केंद्रातून लावावीत. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज समितीकडे आत्ताच करा. जूननंतर तिथे अभियांत्रिकीवाल्यांची गर्दी उसळते आणि वंशावळीचा एक पुरावा कमी पडला तरी प्रकरण महिनाभर पुढे जातं.

कर्ज किती झेपेल?

20 लाखांचं कर्ज धरू: पहिल्या वर्षी 10, दुसऱ्या वर्षी 10, व्याज 10 टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं सवलतीचं एक वर्ष, या काळात सरळव्याजाने 5 लाख जमतात. 25 लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 33 हजार. 9 लाख सीटीसीच्या नोकरीत तो हातातल्या पगाराच्या निम्मा होतो, आणि पुण्या-मुंबईतलं भाडं त्यानंतर. हप्ता हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात असेल, तर त्या संस्थेची ऑफर महाग आहे, ती कितीही नावाजलेली असो.

साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात. नामांकित संस्थांना स्टेट बँकेच्या स्कॉलर कर्जासारख्या योजनांत सूट असते. इथे आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबांची अडचण होते. सरफेसी कायदा (बँकेला थेट तारण ताब्यात घेऊ देणारा) शेतजमिनीला लागू नसल्याने वसुली अवघड, म्हणून दहा एकर बागायत असली तरी बँक ती तारण घ्यायला नाखूश असते. बिनशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव दाखवावी लागते. सहकर्जदार वडिलांचा सिबिल स्कोर आधी काढून पाहा. सोसायटीचं किंवा कॅश क्रेडिटचं जुनं थकीत प्रकरण तिथे नेमकं फी भरायच्या आठवड्यात वर येतं.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात 3 टक्के व्याज सवलत आहे, मात्र लाभार्थ्यांची संख्या वर्षाला एक लाख. तुमची संस्था यादीत आहे का ते पाहा. दोन ऑफरपैकी एकच यादीत असेल तर तेवढ्यानेही पारडं फिरतं.

ऑफर पुढच्या वर्षावर ढकलता येते का?

भारतात अपवादानेच. गंभीर आजारपणासारखं कारण आणि कागदपत्रं असतील तर विचारून पाहा. "अजून अनुभव घ्यायचा आहे" याला सहसा नकार येतो.

प्रवेश घेऊन पहिल्या वर्षी गुपचूप पुन्हा कॅट दिली तर?

परीक्षा देता येते, पण निम्म्या मनाने दोन्ही होतं. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, म्हणजे नेमकी उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखतींच्या धामधुमीत. वर्षभराची फी गेलेली असते आणि चालू कर्जावर दुसरं कर्ज मिळवताना बँक हात आखडता घेते. आम्ही हा पर्याय सुचवत नाही.

पुढच्या वर्षी मुलाखतीत विचारलं की मागची ऑफर का सोडली?

खरं सांगा, दोन वाक्यांत. "मला ऑपरेशन्समध्ये जायचं आहे, तिथे त्या विषयाच्या कंपन्या येत नव्हत्या, या वर्षात मी कारखान्यात नियोजनाचं काम केलं आणि गणिताचा विभाग सुधारला." त्या संस्थेला नावं ठेवू नका, समोरचा प्राध्यापक कदाचित तिथूनच आलेला असतो. ऑफर लपवूही नका. हैदराबादच्या आयएसबीसारख्या आणि परदेशी संस्थांच्या अर्जात पुन्हा अर्ज करणाऱ्यांना मधल्या काळात काय बदललं ते वेगळं लिहावं लागतं. तिथे जीमॅटचा स्कोर पाच वर्षं चालतो. त्यामुळे स्कोर चांगला असेल तर पुन्हा परीक्षा न देता वर्ष कामावर घालवा. कॅटला ती सोय नाही. त्या वर्षीचा निकाल त्या प्रवेशापुरताच.

घरचे म्हणतात, मिळालंय ते घे.

ते बऱ्याचदा बरोबर असतात, पण त्यांचं कारण वेगळं असतं: पोरगं वर्षभर घरी बसेल याची त्यांना भीती असते. "मी जुलैपासून नोकरी करतो, पंधरा ऑक्टोबरला मॉकचा मधला आकडा 95 च्या खाली असेल तर कॅटवरचा भर सोडून सीईटीकडे वळतो, आणि पुढच्या मेमध्ये जे मिळेल ते घेतो" असं तारखांसकट लिहून दिलंत की बोलणं पुढे सरकतं. वडील फीसाठी उसाच्या बिलावर किंवा धाकट्याच्या शिक्षणाच्या ठेवीवर अवलंबून असतील, तर तेही त्याच कागदावर आलं पाहिजे.

नकार द्यायचं ठरलं. आता काय करायचं?

मुदतीच्या आत ई-मेल करा, नुसतं गप्प बसू नका. प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी ती जागा मिळते. पैसे भरले असतील तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज संस्थेच्या नमुन्यात करा, पोच घ्या आणि बँक खात्याचा तपशील त्यातच द्या. कॅपची जागा असेल तर प्रवेश रद्द करण्याची प्रक्रिया पोर्टलवरही पूर्ण करा. कॉलेजला फक्त पत्र दिलं आणि पोर्टलवर रद्द केलं नाही, यामुळेच परतावा सर्वाधिक वेळा अडकतो. कर्ज मंजूर झालं असेल तर बँकेला लेखी कळवा, नाहीतर मंजूर रक्कम तुमच्या नावावर दिसत राहते. ऑफर पत्र, नकाराचा ई-मेल आणि फीच्या पावत्या एका फोल्डरमध्ये ठेवा. कॅटची नोंदणी बहुधा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते आणि सप्टेंबरच्या मध्यावर बंद होते. परीक्षा शहरांच्या यादीत सोलापूर दिसलं तर तेच पहिल्या पसंतीला टाका, दुसऱ्या पसंतीला पुणे.